शीत, उष्ण आणि कोमट

शास्त्रपाठ : प्रकटीकरण ३:१४-२२

लावदिकीया येथील मंडळीला लिहिलेले पत्र आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत जितके वेळा वाचले जाते, तितके दुसरे क्वचितच वाचले जात असेल. संजीवनसभा भरली, परगावचा उपदेशक आला, किंवा वर्गणी कमी पडली, की हा उतारा निघालाच असे समजावे. त्याचा अर्थही बहुधा ठरलेला असतो. उष्ण म्हणजे आवेशी ख्रिस्ती, शीत म्हणजे देवाला न मानणारा, आणि कोमट म्हणजे धड इकडचा ना तिकडचा. मग श्रोत्यांस विचारले जाते, तुम्ही ह्या तिहींपैकी कोण? जे मोठ्याने प्रार्थना करतात आणि झांजा घेऊन भजनात पुढे बसतात ते निश्चिंत राहतात. आणि मागल्या ओळीत पदर सावरून मुकाट्याने बसलेली एखादी विधवा मनात चरकते, की मला तर सभेत रडू फुटत नाही, तेव्हा मीच ती थंड.

ह्या अर्थात एक अडचण आहे, आणि ती साध्या वाचकालाही दिसते. प्रभू म्हणतो की, तू शीत किंवा उष्ण असतास तर बरे झाले असते. शीत म्हणजे जर अविश्वासी, तर कोणी अविश्वासी असावा अशी इच्छा आमचा प्रभू कशी करील? ह्यावर टीकाकारांचे उत्तर असे की, उघड विरोधक हा ढोंगी भक्तापेक्षा लवकर वळतो, पौलाचेच पाहा. हे उत्तर अगदी टाकाऊ नाही. तथापि हा दृष्टांत पाण्याचा आहे, आणि पाण्याचा दृष्टांत समजण्यास आधी पाण्याकडे जावे हे बरे. म्हणून वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर प्रवासास निघावे अशी विनंती आहे.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मंडळीतील चाळीसएक माणसे एका दिवसाच्या सहलीस वज्रेश्वरीकडील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर गेली. पहाटे नाशिक जिल्ह्यातील आमच्या गावाहून भाड्याची बस निघाली, ती कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यात शिरली. तरुणांचा हेतू पोहण्याचा, आणि वृद्धांचा हेतू गुडघ्यांचा. आम्ही दोन्ही पक्षांचे सामान सांभाळणारे. वाटेत एके ठिकाणी जे पाहिले ते पुढे सांगू; आधी झरे.

तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे जवळजवळ वसली आहेत. वज्रेश्वरीचे देवालय टेकडीवर आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्याच्या मोहिमेत नवस केला व जय मिळाल्यावर मंदिर बांधविले, असा त्याचा इतिहास सांगतात. कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी, राम, सीता, लक्ष्मण अशी नावे आहेत. देवीने राक्षस मारिले, त्यांच्या रक्ताने हे पाणी तापले, ही कथा तेथे ऐकावयास मिळते. आमच्यातील एका तरुणाला ह्या कथेवर तेथल्या तेथे वाद घालण्याची हुक्की आली, परंतु आम्ही त्यास थांबविले. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या दारात उभे राहून तिची थट्टा करणे हे सुवार्तेचे काम नव्हे. शिवाय ज्या माणसाने पंगू आईला पाठीवर घेऊन कुंडापर्यंत आणिले आहे, त्याच्याशी त्या वेळी बोलण्यासारखे दुसरे पुष्कळ असते.

ह्या पाण्याला आच कोठून येते हे मुलांनी विचारले. पुष्कळांची समजूत अशी की खाली ज्वालामुखी धुमसत आहे. तसे नाही. सह्याद्रीचा काळा खडक हा लाव्हारसाचाच आहे खरा, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि केव्हाच निवाला आहे. घडते ते असे. पावसाचे पाणी डोंगरातील भेगांतून खोल मुरत जाते. पृथ्वीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते. साधारणतः दर किलोमीटरास २५ ते ३० अंश सेल्सिअस. फार खोल गेलेले हे पाणी खडकातील क्षार विरघळवून घेते, तापते, आणि एखादी फट सापडली की पुन्हा वर येते. म्हणजे कोकणातील झऱ्याचे ऊन पाणी हे मुळात आपल्याच आकाशातून पडलेले पाणी होय. फरक एवढाच की ते खोल जाऊन आले आहे. पालघरकडून थेट राजापुरापर्यंत, किनाऱ्याला समांतर, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात असे झरे ठिकठिकाणी आहेत. पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, खेड-दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वराजवळ अरवली व तुरळ, राजापुराजवळ उन्हाळे. गावांच्या नावांतच ऊन आहे. गावकऱ्यांनी भूगर्भशास्त्र वाचले नव्हते, परंतु आपल्या पाण्याचा गुण काय हे त्यांनी गावाच्या नावात लिहून ठेविले.

पवित्र शास्त्रातही असा एक शोधक आहे. उत्पत्तीच्या छत्तिसाव्या अध्यायात एसावाच्या देशातील कुळांची लांबलचक नावनिशी आहे, जी कोणी उपासनेत वाचीत नाही. तिच्यात चोविसाव्या वचनात अना नावाचा एक मनुष्य आहे. बापाची गाढवे चारीत असता त्याला रानात ऊन पाण्याचे झरे सापडले. मूळ इब्री शब्द दुर्मिळ असल्यामुळे जुन्या काही भाषांतरांत तेथे खेचरे आली आहेत. अर्वाचीन भाषांतरे बहुतेक झऱ्यांकडे झुकतात. त्या गुराख्याविषयी शास्त्रात एवढी एकच गोष्ट टिकली. त्याचे धन किती, त्याचा मान किती, हे कोणी लिहिले नाही. रानात दुखऱ्या माणसांच्या उपयोगी पडेल असे काही त्याला सापडले, एवढेच लिहिले.

आता त्या कुंडांच्या काठी आम्ही काय पाहिले ते सांगतो. पुरुषांचा भाग निराळा, स्त्रियांचा निराळा. काही कुंडांत पाय बुडवून बसवते, काहींत पाऊल ठेवताच चटका बसतो. पाण्याला गंधकासारखा वास. काठावर जी माणसे बसली होती त्यांत दुखणेकरी फार : आखडलेले खांदे, सुजलेले घोटे, गिरणीत उभे राहून कामातून गेलेले पाय. त्यांत कोणाला चमत्कार झालेला आम्ही पाहिला नाही. ऊन पाण्याने रक्ताभिसरण वाढते, स्नायू सैल पडतात, सांध्यांचा ठणका काही काळ उतरतो. एवढे डॉक्टरही मान्य करतात. ज्यांचे हृदय अशक्त आहे, ज्यांच्या अंगावर उघडी जखम आहे, किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी मात्र डॉक्टरास विचारल्यावाचून अशा पाण्यात उतरू नये, हे आमच्या वाचकांस आवर्जून सांगतो. आमच्या मंडळीतील एक वृद्ध मावशी अर्धा तास पाय सोडून बसली. वर आल्यावर म्हणाली, “पाळकसाहेब, बरी झाले म्हणत नाही मी. पण आज रात्री झोप लागेल.” उष्ण पाण्याचे काम तिने ह्या एका वाक्यात सांगितले. दुखणाऱ्याला रात्रीची झोप मिळावी, हे काम थोडे नव्हे.

मावशी काठावर येऊन बसली, आणि तिने पहिली गोष्ट मागितली ती पिण्यास गार पाणी. कुंडाचे पाणी हाताशी होते, परंतु ते कोण पिणार? बसमधील मातीच्या घागरीतून तांब्या भरून आणिला, तेव्हा ती गटागटा प्याली. पाय बुडविण्यास उष्ण, ओठांस शीत. दोन्ही चांगली, दोन्ही पाणीच, आणि एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. त्या क्षणी तिला कोणी कोमट पाणी दिले असते तर तिने चूळ भरून टाकिले असते, आणि तिचा कोणी दोष मानिला नसता.

आता येथून लावदिकीयास जाऊ. आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात लायकस नावाच्या नदीचे खोरे आहे. त्यात तीन गावे, आणि तिन्ही गावांत पौलाच्या काळीच ख्रिस्ती मंडळ्या होत्या : हेरापली, कलस्सै व लावदिकीया. एपफ्रास ह्या तिहींसाठी फार श्रम करीत असे, असे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. हेरापली हे लावदिकीयाच्या उत्तरेस सुमारे दहा किलोमीटरांवर, उंच कड्यावर. तेथे ऊन पाण्याचे झरे आहेत, ते आजही वाहत आहेत, आणि त्यांतील चुन्याने कड्याच्या पायऱ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आहेत. दुरून पाहणाऱ्यास बर्फ किंवा कापूस वाटावा. तुर्की लोक त्या जागेला पामुक्काले म्हणजे कापसाचा किल्ला म्हणतात. रोमी काळात आजारी माणसे दूरदूरहून तेथे स्नानास येत, जशी आज अकलोलीस येतात. कलस्सै हे आग्नेयेस, मोठ्या पर्वताच्या पायथ्याशी. तेथे डोंगरावरून येणारे गार पाणी. आणि मध्ये लावदिकीया. पेठ मोठी, परंतु गावाचे स्वतःचे चांगले पाणी जवळ नाही. दगडी नळ एकापुढे एक जोडून ते दुरून आणावे लागे. त्या नळांचे तुकडे आजही तेथे पडले आहेत. पाण्यातील चुन्याने त्यांची तोंडे आतून दाटत गेलेली दिसतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुष्कळ उपदेशक सांगतात की हेरापलीचेच ऊन पाणी नळाने लावदिकीयास येई आणि वाटेत कोमट होई. हे ऐकावयास गोड आहे, परंतु खोदकामात नळ सापडले ते दक्षिणेकडून आलेले, हेरापलीकडून नव्हे. म्हणून तितके बारीक सांगू नये. प्रभूचा बोल समजण्यास त्याची गरजही नाही. लावदिकीयाचा प्रत्येक मनुष्य एका बाजूस दुखण्यावर उपयोगी पडणारे उष्ण पाणी ओळखीत होता आणि दुसऱ्या बाजूस तहान भागविणारे शीत पाणी ओळखीत होता. शेजारची दोन्ही गावे पाण्याने कोणाच्या तरी उपयोगी पडत होती. मग तुम्ही कोणाच्या उपयोगी पडता, हा प्रश्न त्यांस कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

असा अर्थ घेतला म्हणजे शीत हा शब्द शिवीचा राहत नाही. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभू लहानग्याला दिलेल्या थंड पाण्याच्या प्याल्याचे प्रतिफळ सांगतो. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात दूर देशाहून आलेली चांगली बातमी ही तान्हेल्या जिवाला मिळालेल्या गार पाण्यासारखी आहे. अर्थात पुष्कळांची प्रीती थंडावेल असेही प्रभूने म्हटले आहे, आणि आत्म्यात उत्सुक असा असेही पौल रोमकरांस लिहितो. तेव्हा आवेशाचे मोल आम्ही कमी करीत नाही. परंतु ह्या पत्रात प्रभू आरंभीच म्हणतो की, तुझी कृत्ये मला ठाऊक आहेत. तो कृत्ये पाहतो. श्रोत्यांच्या छातीला हात लावून ताप किती चढला हे तो येथे मोजीत नाही.

म्हणून मागल्या ओळीतील त्या विधवेला आम्ही सांगू इच्छितो की, बाई, आपण भिऊ नये. आमच्या मंडळीत अशी एक बहीण आहे. सभेत तिच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघत नाही. साक्ष देण्यास उभी केली तर घाम फुटून खाली बसते. परंतु गावात कोणाकडे मयत झाली, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो, की दुपारच्या आत ही पाण्याची घागर आणि भाकरीचे गाठोडे घेऊन मागल्या दाराने हजर. तिला कोणी थंड म्हणेल तर म्हणो. ती शीत आहे, आणि तिचा प्रभू तिच्यावर संतुष्ट आहे. आमच्यात उष्णही आहेत. एक कंपाउंडर आहे. तोंडाचा तापट, उपासनेस उशिरा येणारा. परंतु मध्यरात्री दार वाजविले तर चप्पल न शोधता निघतो. झऱ्यासारखी आच त्याच्यात खोलवरून येते. ती त्याला कोठे मिळाली हे आम्ही एकदा विचारले, तेव्हा म्हणाला, “मुलगा गेला तेव्हा मिळाली.” त्यावर आणखी काही विचारावेसे वाटले नाही.

मग कोमट कोण? लावदिकीयाचे लोक वाईट चालीचे होते असे पत्रात कोठेही नाही. पाखंडी शिक्षणाचा आरोप नाही, मूर्तिपूजेचा नाही, जारकर्माचा नाही. इतर मंडळ्यांस लिहिताना ह्या गोष्टींची नावे आली आहेत, येथे नाहीत. त्यांच्या तोंडी एकच वाक्य घातले आहे, आणि त्याचा भाव असा : मी धनवान आहे, मला कशाची वाण नाही. हे वाक्य त्या गावाच्या इतिहासातून उचललेले दिसते. इ.स. ६० मध्ये भूकंपाने लावदिकीया कोसळले. तेव्हा रोमच्या मदतीवाचून गावाने आपल्याच पैशाने ते उभारिले, असे रोमी इतिहासकार टॅसिटस लिहितो. गावात हुंड्या वटत. तेथील काळी लोकर दूरवर प्रसिद्ध होती. वैद्यांची शाळा जवळच होती आणि त्या प्रांताचे डोळ्यांचे औषध नावाजलेले होते. प्रभूने त्यांच्या ह्याच तीन गोष्टी घेतल्या : माझ्याकडून सोने घे, पांढरी वस्त्रे घे, डोळ्यांत घालावयास अंजन घे. ज्याचा अभिमान, त्याचीच वाण.

भूकंपातून आपल्या बळावर उठणे हा काही दोष नव्हे. आमच्या मंडळ्या मिशनच्या पैशावाचून चालाव्यात म्हणून आमच्या वडिलांनी जन्मभर खटपट केली, आणि आज कित्येक मंडळ्या तशा चालत आहेत, ह्याबद्दल देवाचे उपकार. मदत न मागणे चांगले. परंतु मला वाण नाही असे म्हणता म्हणता मनुष्य, मग कोणालाच वाण नाही, असे समजू लागतो, तेथे पाणी कोमट होऊ लागते. आपला नळ घरी आला, आता शेजारी काय पितो हे कशाला पाहावे?

येथे वाटेत पाहिलेली ती गोष्ट सांगतो. तानसा नदीला ऊन झऱ्यांच्या वरच्या अंगास धरण आहे. ते १८९२ मध्ये पुरे झाले आणि तेव्हापासून त्याचे पाणी नळांनी मुंबईस जाते. पुढे वैतरणेचे झाले, भातसेचे झाले. ज्या शहापूर तालुक्यातून आमची बस चालली होती, त्याच्याच परिसरातून ह्या महानगराची तहान भागते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे वर्तमानपत्रांतून दरवर्षी येते. आमची बस रस्त्याच्या कडेला थांबली होती. शेजारून माणसाच्या उंचीचा लोखंडी नळ गेला होता. त्याच्या एका सांध्याशी एक आदिवासी बाई हंडा लावून बसली होती, धार करंगळीएवढी. आमच्या मावशीने खाली उतरून विचारिले, “बाय, केव्हाची बसलीस?” ती म्हणाली, “दिस उगवला तवापून. नळ मुंबईला जातो, मावशी. आमाला व्हॉलचं गळतं तेवढं.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती; वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसे तिने सांगितले. मावशी बसमध्ये येऊन बसली ती घाट चढेपर्यंत बोलली नाही. परतताना आमच्या तरुणांनी घागरीतले उरलेले पाणी त्या पाड्यावर दिले; परंतु एका घागरीने एका पाड्याचा उन्हाळा जात नाही, हे त्यांनाही कळत होते, आणि ते कळले हे बरेच झाले.

लावदिकीयाच्या खोदकामात अलीकडे एक शिलालेख सापडला आहे. तो इ.स. ११४ चा, म्हणजे प्रकटीकरण लिहिले गेल्यावर एका पिढीच्या आतला आहे. त्यात गावाच्या पाण्याचा कायदा कोरला आहे. पाणी घाण करणाऱ्यास, नळ फोडणाऱ्यास, सार्वजनिक पाणी आपल्या मळ्याकडे वळविणाऱ्यास दंड. तो पाच हजार दिनारांपासून साडेबारा हजारांपर्यंत. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुराला दिवसाचा एक दिनार मिळे, ह्यावरून वाचकांनी हिशेब करावा : लहानात लहान दंड म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळाची मजुरी. इतका कडक कायदा करावा लागला, ह्याचा अर्थ असा की पाणी वळविणारे होते, आणि ते गरीब खचित नसतील. मळे कोणाचे असतात?

आता घरचे बोलू. आमच्यापैकी पुष्कळांची कुळे कोठून आली हे आम्ही विसरावे असे नाही. आमचे पणजे गावच्या विहिरीच्या खाली ओंजळ धरून उभे राहत, आणि वरून कोणी ओतील तेव्हा पीत. कोणी न ओतले तर तसेच परत जात. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले व ते पाणी प्याले, आणि त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने सरकारी खर्चाच्या किंवा लोकांस अर्पण केलेल्या विहिरी, तळी व स्नानाचे घाट ह्यांवरील जातिभेदाची बंदी मोडिली. ज्या कुंडांवर आम्ही फेब्रुवारीत गेलो तेथे कोणी आमची जात विचारली नाही. ह्या गोष्टी आपोआप घडल्या असे मुलांना वाटू देऊ नये.

आमच्या मंदिराच्या आवारात एक बांधीव विहीर आहे. छप्पन्नच्या दुष्काळात मिशनने मजुरांना काम मिळावे म्हणून ती खणविली, असे वडीलधारे सांगतात. म्हणजे ती तहानेतून आणि भुकेतून झाली. आज तिच्यावर मोटर आहे, लोखंडी झाकण आहे, आणि झाकणाला कुलूप आहे. आवाराच्या भिंतीपलीकडे ऊसतोडीहून परत आलेल्यांची व वीटभट्टीवाल्यांची वस्ती झाली आहे. एप्रिल-मे महिन्यांत तेथील बाया दोन मैलांवरून पाणी आणतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतील दोघी आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

कुलूप काढावे किंवा नाही, हा प्रश्न पंचांपुढे आहे. विरोध करणाऱ्यांस आम्ही लावदिकीयाचे म्हणून हिणवीत नाही, कारण त्यांच्या हरकती खऱ्या आहेत. मे महिन्यात पाणी तळाला जाते. मोटर दोनदा जळाली, तिचा खर्च मंडळीने सोसला. गर्दी झाली की भांडणे होतात, आणि भांडण झाले की नाव मंदिराचे निघते. खजिनदारांनी असेही म्हटले, की ही विहीर सार्वजनिक नव्हे, कायदा आपल्यावर बंधन घालीत नाही. हे अक्षरशः खरे आहे. आमचे म्हणणे इतकेच की, कायदा जेथे थांबतो तेथे मंडळीचे काम सुरू होते. आणि लावदिकीयाच्या लोकांनीही नियम केले, ते पाणी सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून. नियम आपणही करावे. सकाळी दोन तास, घरटी दोन हंडे, वस्तीतीलच दोन बाया देखरेखीस, विजेच्या बिलाला प्रत्येक घरचे थोडेथोडे. पाणी अमुक खुणेच्या खाली गेले तर सर्वांनाच कमी, मंदिरालाही.

ह्या पत्राच्या शेवटी प्रभू दाराशी उभा राहून ठोकत आहे. त्या चित्राची तसबीर आमच्या पुष्कळ घरांत आहे, आणि ते दार एकेकाच्या हृदयाचे असे आम्ही मुलांना शिकवितो, ते ठीकच. परंतु पत्र मंडळीला आहे. भजन चालू आहे, वर्गणी गोळा होत आहे, कोणाला कशाची वाण नाही, आणि ज्याच्या नावाने हे सर्व चालले आहे तो बाहेर आहे. बाहेर कोठे, कोणाबरोबर, हे योहानाने लिहिले नाही. आम्हांस ते फाटक आठवते.

पंचांची सभा येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. सर्व सभासदांनी, विशेषतः बायांनी, थांबावे, कारण पाणी त्याच ओढतात आणि किती हंडे पुरतात हे त्यांनाच ठाऊक. आज सकाळी आम्ही दोरी सोडून मोजिले. विहिरीत अकरा हात पाणी आहे.